गोन्सालो गार्सिया

संत गोन्सालो गार्सिया (जन्म : इ.स. १५५६-५७ च्या सुमारास, वसई, मृत्यू : ५ फेब्रुवारी १५९७, नागासाकी, जपान) हे फ्रान्सिस्कन संघाचे व्रतस्थ बंधू आणि ख्रिस्ती रक्तसाक्षी होते. जपानचा तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या आज्ञेवरून नागासाकी येथे क्रुसावर मृत्युदंड दिल्या गेलेल्या सव्वीस ख्रिस्ती व्यक्तींमध्ये त्यांचा समावेश होता. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले. रोमन कॅथलिक चर्चने संत घोषित केलेली, भारतात जन्मलेली ही पहिली व्यक्ती होय. त्यांचे जन्मगाव वसई आज महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यात आहे आणि ते वसई धर्मप्रांताचे आश्रयदाते संत मानले जातात.

धर्मशिक्षक, व्यापारी, व्रतस्थ बंधू, दुभाषी आणि रुग्णसेवक अशी वळणे घेत गेलेले त्यांचे आयुष्य ख्रिस्ती चिंतनात दोन संकल्पनांच्या संदर्भात वारंवार उल्लेखिले जाते. पहिली म्हणजे ईश्वरी प्रेरणा ओळखून तिच्यामागे जाणे, अर्थात पाचारण. आणि दुसरी म्हणजे स्वार्पणाचे प्रेम.

पार्श्वभूमी

२३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढील दोन शतके वसई हे पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे होते. या प्रांतात किनारपट्टीवरील केळवे-माहीम, तारापूर, डहाणू ही ठाणी येत. तारापूरचा किल्ला १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्याच वर्षी चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तारापूर आणि त्यानंतर वसई मराठ्यांनी जिंकली.

पोर्तुगीज सत्तेबरोबर फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय मिशनरी वसईत आले. १५४० च्या दशकात फ्रान्सिस झेवियर यांनीही वसईस भेट दिली होती. वसईच्या कोटात या संघांची चर्चे, मठ व शाळा उभ्या राहिल्या. गोन्सालो यांचे बालपण याच वातावरणात गेले.

जीवन

बालपण आणि शिक्षण

गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक भारतीय होती, असे बहुतेक चरित्रकार मानतात. त्यांचे शिक्षण वसईच्या कोटातील येशूसंघीयांच्या शाळेत झाले. परंपरागत चरित्रांनुसार सेबास्तियांव गोन्साल्व्हिस या येशूसंघीय धर्मगुरूंचा त्यांच्यावर विशेष प्रभाव होता. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, मिसरूडही न फुटलेल्या वयात, ते या मिशनऱ्यांसमवेत जपानला गेले.

जपानमधील पहिला मुक्काम

जपानमध्ये त्यांनी स्थानिक भाषा आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा, अशी त्यांची तीव्र इच्छा होती. परंतु तो प्रवेश त्यांना मिळाला नाही. त्या काळी आशियात जन्मलेल्या व मिश्र वंशाच्या उमेदवारांना युरोपीय धर्मसंघांची दारे सहसा उघडत नसत.

व्यापार आणि संघप्रवेश

नकारानंतर गोन्सालो यांनी येशूसंघीयांची सेवा सोडून व्यापार सुरू केला. जपानी भाषेचे ज्ञान आणि अनेक वर्षांचा लोकपरिचय यांमुळे त्यांचा जम लवकर बसला. पूर्व आशियातील बंदरांशी त्यांचे व्यवहार होऊ लागले. व्यापारानिमित्त ते फिलिपाईन्समधील मनिला येथे पोहोचले.

मनिलामध्ये १५७८ पासून फ्रान्सिस्कन संघाच्या कडक दारिद्र्यव्रत पाळणाऱ्या शाखेचे कार्य चालू होते. हे बंधू अनवाणी चालत, भिक्षेवर राहत आणि रुग्णांची शुश्रूषा करीत. गोन्सालो त्यांच्याकडे आकृष्ट झाले. चांगला चाललेला व्यापार सोडून १५८७-८८ च्या सुमारास त्यांनी या संघात व्रतस्थ बंधू म्हणून प्रवेश केला. ते धर्मगुरू झाले नाहीत. दीक्षाविधी न झालेल्या साध्या बंधूचेच स्थान त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.

राजदूत मंडळातील दुभाषी

फिलिपाईन्सने आपले मांडलिकत्व स्वीकारावे, अशी मागणी हिदेयोशीने केल्यावर मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने वाटाघाटींसाठी दूत पाठविण्याचे ठरविले. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ जपानला निघाले. या मंडळात जपानी भाषा उत्तम जाणणारे गोन्सालो हेच होते. त्यामुळे दुभाष्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ज्या देशातून ते निराश होऊन निघाले होते, तेथेच त्यांना पुन्हा जावे लागले.

हिदेयोशीची भेट क्यूशू बेटावरील हिझेन प्रांतातील नागोया येथे झाली. (हे ठिकाण आजच्या नागोया शहराहून वेगळे आहे.) कोरियावरील स्वारीसाठी त्याने तेथे तळ दिला होता. शरणागतीची मागणी आणि स्पॅनिश गव्हर्नरचे सावध उत्तर यांच्यामधील शब्द गोन्सालो यांना उच्चारावे लागले. भेटीअखेर हिदेयोशीने फ्रान्सिस्कनांना जपानमध्ये राहण्याची मुभा दिली.

क्योतोतील सेवाकार्य

फ्रान्सिस्कनांना त्या वेळची राजधानी क्योतो येथे जागा मिळाली. तेथे त्यांनी चर्च आणि मठ उभारला व त्यालगत कुष्ठरोगी आणि निराधार रुग्णांसाठी रुग्णालये चालविली. ओसाका येथेही त्यांनी एक लहान मठ सुरू केला. तत्कालीन जपानी समाजात कुष्ठरोगी बहिष्कृत जीवन जगत. फ्रान्सिस्कन परंपरेत कुष्ठरोग्याच्या सेवेला मोलाचे स्थान आहे, कारण आसिसीकर संत फ्रान्सिस यांच्या जीवनातील परिवर्तन कुष्ठरोग्यांच्या सहवासातून घडले, असे ती परंपरा सांगते. नव्याने ख्रिस्ती झालेले अनेक जपानी गृहस्थ या रुग्णालयांत सेवक, स्वयंपाकी व दुभाषी म्हणून काम करीत. पुढे मृत्युदंड झालेल्यांत यांपैकी अनेक जण होते.

अटक आणि मृत्युदंड

हिदेयोशीने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, तथापि त्याची अंमलबजावणी ढिली होती. ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटावरील तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. जहाजावरील मौल्यवान माल जप्त झाला. स्पेनचा राजा आधी मिशनरी पाठवितो व मागाहून सैन्य, अशा आशयाचे उद्गार जहाजाच्या सुकाणूदाराने काढल्याचे सांगितले जाते. या प्रकरणानंतर हिदेयोशीने फ्रान्सिस्कनांच्या अटकेची आज्ञा दिली. डिसेंबर १५९६ मध्ये क्योतो व ओसाका येथील मठांभोवती पहारे बसले.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाचा काही भाग कापण्यात आला. नाक व दोन्ही कान कापण्याची मूळ आज्ञा इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने सौम्य केली होती. त्यानंतर कैद्यांची क्योतो, ओसाका व साकाई या शहरांतून गाड्यांवरून धिंड काढण्यात आली. तेथून भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. शेकडो किलोमीटरांच्या या प्रवासाला सुमारे एक महिना लागला. वाटेत कैद्यांची देखभाल करणाऱ्या दोन ख्रिस्ती पुरुषांनाही पकडण्यात आले आणि एकूण संख्या सव्वीस झाली.

या गटात सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी गृहस्थ ख्रिस्ती व मुले होती. सर्वांत लहान लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. धर्म सोडल्यास जीव वाचेल, असे एका अधिकाऱ्याने त्याला सुचविल्याचे व त्याने ते नाकारल्याचे वृत्तांतांत नमूद आहे. मथियास नावाच्या गृहस्थाची कथाही या वृत्तांतांत येते. शिपाई यादीतील मथियास नावाच्या दुसऱ्याच माणसाचा शोध घेत होते आणि तो सापडत नव्हता. तेव्हा शेजारी राहणाऱ्या या मथियासने, आपले नाव तेच आहे व आपणही ख्रिस्ती आहोत, असे सांगून स्वतःला त्यांच्या स्वाधीन केले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीजवळच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभारण्यात आले. कैद्यांना लोखंडी कड्या व दोरांनी क्रुसांना जखडून दोन्ही बाजूंनी भाले भोसकण्यात आले. परंपरेनुसार टेकडीवर पोहोचल्यावर गोन्सालो थेट एका क्रुसाकडे गेले आणि आपला क्रूस हाच का, असे त्यांनी विचारले. तो त्यांचा नसल्याचे कळल्यावर त्यांना दुसऱ्या क्रुसापाशी नेण्यात आले; तेथे गुडघे टेकून त्यांनी त्यास आलिंगन दिले. येशूसंघीय पॉल मिकी यांनी क्रुसावरून जमावाला उद्देशून भाषण केले व मृत्युदंड देणाऱ्यांना क्षमा केली. त्या वेळी नागासाकीत असलेले पोर्तुगीज येशूसंघीय इतिहासकार लुईस फ्रॉइस यांनी पुढील महिन्यात या घटनेचा सविस्तर वृत्तांत लिहिला.

संतपद

१६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी या रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित केले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. सार्वत्रिक चर्चच्या पंचांगात ‘पॉल मिकी आणि सोबती’ या नावाने त्यांचा स्मृतिदिन ६ फेब्रुवारीला पाळला जातो. याच गटातील फेलिपे दे जेझूस हे मेक्सिकोत जन्मलेले पहिले संत होत. ते ‘सान फेलिपे’ जहाजावरील प्रवासी होते.

गोन्सालो यांच्यानंतर भारतात जन्मलेल्या दुसऱ्या व्यक्तीला संतपद मिळण्यास जवळजवळ दीड शतक लागले. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना २००८ मध्ये, गोव्यात जन्मलेले व श्रीलंकेत कार्य केलेले जोसेफ वाझ यांना २०१५ मध्ये आणि गृहस्थ रक्तसाक्षी देवसहायम पिल्लै यांना २०२२ मध्ये संत घोषित करण्यात आले.

ख्रिस्ती चिंतनातील स्थान

ईश्वरी प्रेरणा आणि तिची पारख

ख्रिस्ती परंपरेत देव माणसाला विशिष्ट कार्यासाठी बोलावतो, अशी श्रद्धा आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात यास ‘पाचारण’ म्हणतात. जुन्या करारात अब्राहाम, मोशे व शमुवेल यांच्या आणि नव्या करारात मरिया व येशूचे शिष्य यांच्या कथांतून ही कल्पना येते. मात्र मनात उमटणारी प्रत्येक ऊर्मी ईश्वरी असतेच असे नाही, हेही या परंपरेने आग्रहाने सांगितले आहे. येशूसंघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नेशियस यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात प्रेरणांची पारख करण्याचे नियम दिले. त्यांनुसार केवळ उत्कटता ही प्रेरणेची खूण नव्हे. मनाला टिकाऊ शांती देणारी, अहंकार वाढविण्याऐवजी सेवेकडे नेणारी आणि ज्येष्ठांच्या मार्गदर्शनात तपासून घेतलेली प्रेरणा ग्राह्य धरावी. निराशेच्या काळात आधीचा निर्णय घाईने बदलू नये, असाही एक नियम आहे.

गोन्सालो यांचे चरित्र या संदर्भात अभ्यासले जाते, कारण त्यांच्या बाबतीत प्रेरणा सरळ मार्गाने फळाला आली नाही. ज्या संघात जाण्याची त्यांना ओढ होती, त्याने नकार दिला. त्यानंतरची व्यापारातील वर्षे बाह्यतः पाचारणापासून दूर नेणारी होती. परंतु जपानमध्ये शिकलेली भाषा आणि व्यापारामुळे घडलेला मनिलाचा प्रवास, या दोन्ही गोष्टी त्यांच्या पुढील कार्यास कारणीभूत ठरल्या. नकार हा पाचारणाचा शेवट नसून त्याचा मार्ग बदलणारा टप्पा असू शकतो, असा अर्थ भाविक यातून काढतात.

स्वार्पणाचे प्रेम

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत प्रेमासाठी ‘अगापे’ हा शब्द मुख्यत्वे वापरलेला आहे. आवड किंवा आकर्षण यांपेक्षा दुसऱ्याच्या हितासाठी स्वतःला देणे, असा त्याचा अर्थ ख्रिस्ती चिंतनात घेतला जातो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात मित्रांसाठी प्राण देणे ही प्रेमाची परिसीमा मानली आहे. करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात मात्र संत पौल प्रीतीविना केलेला देहत्यागही निरर्थक ठरवितो. ही दोन वचने एकत्र वाचण्याची रीत आहे, कारण त्यांतून त्यागाचे मोल त्यातील वेदनेवर नव्हे, तर प्रेमावर ठरते, असा निष्कर्ष निघतो.

या दृष्टीने क्रुसावरील मृत्यूपेक्षा क्योतोतील रुग्णालयातील वर्षांकडे काही भाष्यकार अधिक लक्ष वेधतात. कुष्ठरोग्यांच्या जखमा धुण्याचे काम रोजचे होते आणि त्याला कोणी प्रेक्षक नव्हते. मृत्यूच्या वेळी दिसलेली निर्भयता या दैनंदिन स्वार्पणातून तयार झाली, असे ते मानतात.

हौतात्म्य आणि जीवार्पण

‘रक्तसाक्षी’ हा मराठी शब्द ‘साक्षीदार’ या अर्थाच्या मूळ ग्रीक शब्दाशी जुळणारा आहे. चर्चच्या शिकवणुकीनुसार मृत्यू ओढवून घेणे हे हौतात्म्य नव्हे. श्रद्धा न सोडल्यामुळे इतरांनी दिलेला मृत्यू स्वीकारणे हे हौतात्म्य होय. १९६४ च्या व्हॅटिकन परिषदेच्या चर्चविषयक दस्तऐवजात हौतात्म्य हा प्रेमाचा सर्वश्रेष्ठ पुरावा मानला आहे. मात्र हे दान थोड्यांनाच मिळते, असेही त्यात म्हटले आहे.

जुलै २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी संतपदाच्या प्रक्रियेत ‘जीवार्पण’ हा स्वतंत्र मार्ग समाविष्ट केला. इतरांवरील प्रेमापोटी जाणीवपूर्वक स्वतःचा जीव धोक्यात घालून मृत्यू आलेल्या व्यक्तींसाठी तो आहे. त्यात श्रद्धेचा छळ होण्याची अट नाही. दुसऱ्याच्या जागी मरण पत्करण्याचे विसाव्या शतकातील सुपरिचित उदाहरण पोलंडचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू मॅक्सिमिलियन कोल्बे यांचे आहे. १९४१ मध्ये आउशवित्झ छळछावणीत एका अपरिचित कैद्याऐवजी त्यांनी स्वतःला पुढे केले. त्याआधी १९३० च्या दशकात त्यांनी नागासाकी येथे मठ स्थापन केला होता.

मतमतांतरे

नागासाकीच्या घटनेचे मूल्यमापन इतिहासकार एकाच प्रकारे करीत नाहीत. हिदेयोशीची कृती धर्मद्वेषातून आली की स्पॅनिश विस्ताराच्या भीतीतून, हा वादाचा मुख्य मुद्दा आहे. फिलिपाईन्सवरील स्पॅनिश कब्जा जपानला ठाऊक होता आणि फ्रान्सिस्कन मंडळ स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणूनच आले होते, त्यामुळे धर्मप्रचार व राजकारण यांची सीमारेषा त्यांच्या बाबतीत पुसट होती, असे एक मत आहे. फ्रान्सिस्कनांच्या उघड प्रचारामुळे संकट ओढवले, अशी टीका तत्कालीन येशूसंघीयांनीही केली. १५८५ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपानचे मिशन येशूसंघासाठी राखून ठेवले होते, त्यामुळे फ्रान्सिस्कनांच्या तेथील वास्तव्यावरूनही दोन संघांत वाद होता. फ्रान्सिस्कन बाजूने ‘सान फेलिपे’च्या मालाचा लोभ हे मुख्य कारण सांगितले जाते.

भारतीय संदर्भात आणखी एक प्रश्न उपस्थित केला जातो. गोन्सालो जपानमध्ये सत्तेच्या छळाचे बळी ठरले. परंतु ज्या पोर्तुगीज वसईत ते वाढले, तेथे धर्मप्रसाराला राजसत्तेचे पाठबळ होते. पोर्तुगीज प्रदेशांत मंदिरांचा विध्वंस झाला आणि हिंदूंच्या धार्मिक आचारांवर बंधने आली. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन होते. त्यामुळे श्रद्धास्वातंत्र्यासाठी पत्करलेले मरण आणि त्याच काळात श्रद्धास्वातंत्र्य नाकारणारी सत्ता, या दोहोंचा एकत्र विचार केल्याखेरीज हा इतिहास पूर्ण होत नाही, असे अभ्यासक मांडतात.

पालघर जिल्ह्यातील स्मृती

१७३९ मध्ये पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतर वसईच्या कोटातील चर्चे ओस पडली, परंतु आसपासच्या गावांतील ख्रिस्ती समाज टिकून राहिला. कोटातील ‘येशूचे पवित्र नाम’ हे येशूसंघीयांचे चर्च आज गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्यांच्या सणानिमित्त भाविक तेथे जमतात. वसईजवळील गास गावातील चर्च आणि वसईतील एक महाविद्यालय यांनाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.

२२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा करण्यात आला. थॉमस डाबरे हे त्याचे पहिले बिशप होत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. धर्मप्रांतात वसईबरोबरच पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड हे तालुके येतात. वसईतील सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती समाज, डहाणू-तलासरी पट्ट्यातील आदिवासी ख्रिस्ती आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रोजगारासाठी देशाच्या विविध भागांतून आलेली ख्रिस्ती कुटुंबे असे या धर्मप्रांताचे संमिश्र रूप आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वसई परिसरात उपासना मराठीतून होऊ लागली आणि स्वार्पण, पाचारण यांसारख्या विषयांवरील लेखनाला वसईतील ‘सुवार्ता’ मासिकाने स्थान दिले. या मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४३-२०२४) यांनी हरित वसईच्या चळवळीचे नेतृत्व केले व उस्मानाबाद येथे २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले.

जपानमधील स्मारके

नागासाकीतील ओउरा चर्च सव्वीस रक्तसाक्षींना समर्पित आहे. दोन शतकांहून अधिक काळ गुप्तपणे श्रद्धा जपलेले जपानी ख्रिस्ती १८६५ मध्ये याच चर्चमध्ये फ्रेंच धर्मगुरूंसमोर प्रकट झाले. हे चर्च २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या गुप्त ख्रिस्ती स्थळांपैकी एक आहे. निशिझाका टेकडीवर संतपदाच्या शताब्दीनिमित्त १९६२ मध्ये स्मारक व संग्रहालय उभारण्यात आले. शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडविलेल्या कांस्यशिल्पात सव्वीस जणांच्या आकृती एका रांगेत आहेत. त्यांत गोन्सालो यांचीही आकृती आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये आणि पोप फ्रान्सिस यांनी २४ नोव्हेंबर २०१९ रोजी या स्थळाला भेट दिली.

हेही पहा

वसईचा किल्ला
वसई धर्मप्रांत
तारापूर
जोसेफ वाझ
पॉल मिकी
फ्रान्सिस दिब्रिटो